देवीच्या वाफ्यावरची पहिली खेप

माझी सून छाया डंपर चालवते. हे मी बाजारात सांगते, लग्नाच्या मांडवात सांगते, दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही सांगते. समोरचा माणूस बहुतेक वेळा म्हणतो, "ट्रॅक्टर म्हणायचंय का तुम्हाला?" मला ट्रॅक्टर म्हणायचं नसतं. ज्याचा मागचा हौदा वर उचलला जातो आणि माल घसरत खाली येतो, तो डंपर. सहा चाकांचा. माझ्या छातीएवढं त्याचं एकेक चाक आहे. ती चालवते.

आमचं गाव सायखेड्याहून थोडं आत आहे. भाजी आणि फुलं ही आमची पिकं. माल जातो पंचवटीच्या बाजारात. जमीन मात्र मुरमाड, वरून पाणी घातलं की खालून निघून जातं अशी. म्हणून दर उन्हाळ्यात गावचा पाझर तलाव आटला, की त्यातला गाळ काढून रानात टाकायचा. गाळ टाकलेल्या रानातला झेंडू आणि न टाकलेल्या रानातला झेंडू, डोळे मिटून नुसता हाताला लागला तरी मी ओळखते. आमच्या शेतकरी गटानं याच कामासाठी एक जुना डंपर घेतला. तो देवराम चालवायचा. देवरामनं सगळं आयुष्य खडीच्या खाणीवर गाडी चालवण्यात काढलेलं. पण त्याच्या कमरेचा मणका सरकला, डॉक्टरनं पट्टा बांधला आणि स्टिअरिंगला हात लावायचा नाही म्हणून बजावलं.

गटाची बैठक मारुतीच्या पारावर बसली. गटाचा अध्यक्ष जीवन, माझ्या मुलाच्या वयाचा, हुशार आणि जरा घाईचा. तो म्हणाला, "ओझरचा एक ड्रायव्हर माझ्या माहितीतला हाय. त्याला बोलावू."

तेव्हा बायकांच्या बाजूनं छाया उठली. ती बरीच वर्षं आमच्या पिकअपमधून फुलं बाजारात नेत होती. माझा मुलगा ओझरला कारखान्यात पाळीवर जातो, त्यामुळे गाडी तिच्याच हातात.

"मी चालवीन," ती म्हणाली.

"वहिनी, पिकअप आन डंपर यात लय फरक हाय."

"म्हणून तर शिकून चालवीन म्हणते."

हसले लोक. देवराम हसला नाही. तो पट्ट्यात ताठ बसून होता, त्याला हसलं तरी दुखायचं. तो म्हणाला, "पुढल्या आखाजीपर्यंत लायसन काढ. तवर यंदाचं काम मी कसंतरी करून घेतो. शिकवायला मी हाय."

जीवननं मान डोलावली, पण अट घातली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गाळाची पहिली खेप देवीच्या वाफ्यावर पडते. ती खेप छायानं सगळ्या गावासमोर टाकायची. नीट पडली, तर उन्हाळाभर गाडी तिच्याकडे. नाहीतर ओझरचा माणूस.

देवीचा वाफा म्हणजे देवळामागचा जमिनीचा तुकडा. त्यात पिकलेली फुलं फक्त देवीला जातात आणि दरवर्षी एकेका घराकडे त्याची राखण येते. गावात कितीही घाई असली तरी गाळाचा पहिला मान त्या वाफ्याचा. ही रीत माझ्या सासूच्याही आधीची. तेव्हा गाळ गाढवांवरून यायचा.

तर, लायसन. हलक्या गाडीचं लायसन छायाकडे जुनंच होतं. जड गाडीचं काढायला ते हातात असून वर्ष झालेलं असावं लागतं. तिचं कितीतरी वर्षं झालेलं. मग डॉक्टरचा दाखला, डोळ्यांची तपासणी, मग शिकाऊ लायसन, मग मोटार स्कूलचं शिक्षण. शाळेचा ट्रक रोज सकाळी नाशिकच्या बाहेरच्या रस्त्यावर न्यायचे. छाया फुलं बाजारात उतरवून तिकडे जायची. शाळेत बाकी सगळी पोरं. पहिल्या दिवशी मास्तरनं विचारलं, "ताई, कुणाला सोडायला आलात?"

"मला," छाया म्हणाली, आणि पायरीवर पाय ठेवून केबिनमध्ये चढली.

शाळेनं एक पुस्तक दिलं होतं. संध्याकाळी फुलं निवडताना ते पुस्तक मी धरायचे आणि तिला प्रश्न विचारायचे. मला अक्षरं छायानंच शिकवली, नातवंडं झाल्यावर. त्यामुळे मी वाचते ती बैलासारखी, एकेक पाऊल टाकत. "उ-ता-रा-वर... भर-ले-ली गाडी... क-शी उत-र-वाल?" प्रश्न संपेपर्यंत छायाच्या हातातली एक फुलांची जुडी बांधून व्हायची.

"ज्या गिअरमध्ये चढ चढलो असतो, त्याच गिअरमध्ये उतरायचं. न्यूट्रल करायचं नाय. ब्रेकवर पाय दाबून ठेवायचा नाय, ब्रेक तापतात."

मी पुस्तकात बोट फिरवत उत्तर शोधायचे आणि सापडलं की म्हणायचे, "बरोबर." तेवढं म्हणायला मला फार आवडायचं. शेजारची कुसाबाई भिंतीवरून ओरडायची, "अगं अंबूबाय, तू पण दे की परीक्षा!" मी म्हणायचे, "माझा पाय पोचत नाय, नायतर दिली असती."

खरं शिक्षण देवरामकडे. शाळेत गाडी चालवायला शिकवतात. देवराम गाडी उभी करायला शिकवायचा. डंपरच्या माणसाला हेच आधी आलं पाहिजे, असं तो म्हणायचा. तो कडुनिंबाखाली खुर्चीवर बसायचा आणि तिथून हुकूम सोडायचा. गाडी सुरू करायच्या आधी तिच्याभोवती पूर्ण फेरी मार. प्रत्येक टायरवर लोखंडी गज मारून आवाज ऐक. इंजिन सुरू झालं की ब्रेकच्या हवेचा काटा बघ, हवा भरल्याशिवाय गाडी जागची हलवायची नाही. हौदा उचलायच्या आधी मान वर करून विजेची तार बघ. फाळका म्हणजे हौद्याचं मागचं दार, त्याची कडी उघड. हौदा वर असताना गाडी पुढे न्यायची नाही, कुणी कितीही ओरडू दे.

एकदा त्यानं तिला एकचाकी हातगाडा आणायला लावला, बांधकामावर असतो तसा. त्यात ओला गाळ भरायला लावला आणि अंगणातल्या तिरक्या जागी तो ओतायला सांगितलं. छायानं दांडे उचलले. उजवीकडचा गाळ घसरून गेला, डावीकडचा पत्र्याला चिकटून राहिला, आणि गाडा तिच्या हातातून सुटून आडवा झाला. तिच्या पायावर चिखल.

"आता हा गाडा दहा टनांचा समज," देवराम म्हणाला. "आन त्यात तू बसलेली. पोरी, रस्त्यावर चालताना डंपर पडतो ते वेगळं. पण आपल्या कामात डंपर पडतो तो जागेवर उभा असताना. माणूस म्हणतो, गाडी तर थांबलीय, आता काय व्हायचंय."

छायानं गाडा उचलला, परत भरला आणि सपाट जागी नेऊन ओतला. मग पुन्हा तिरक्या जागी नेऊन मुद्दाम आडवा केला, कुठल्या क्षणी तोल जातो ते कळावं म्हणून. असं ती चार-पाच दिवस करत होती. माझं अंगण तेव्हा म्हशी बसतात तसल्या डबक्यासारखं झालं होतं.

पेठ रोडच्या आरटीओत ती पहिल्यांदा नापास झाली. चढावर गाडी थांबवून परत सुरू करायची होती, तेव्हा गाडी मागे घसरली. घरी येऊन तिनं तेवढंच सांगितलं. माझा मुलगा म्हणाला, "साहेब कडक असंल." देवरामला कळलं तेव्हा तो काठी टेकत आला.

"किती मागं आली?"

"हातभर."

"मागं माणूस असता तर?"

छायानं भिंतीपासून हातभर अंतर हातानं मोजून बघितलं.

"मग साहेबानं बरोबर केलं," देवराम म्हणाला आणि चहा मागितला.

पुढच्या वेळी ती पास झाली. लायसनचं कार्ड टपालानं आलं. त्यावर सगळं इंग्रजी. मला त्यातला फक्त फोटो वाचता आला. पण तो मी पुन्हा पुन्हा वाचला. छायानं ते कार्ड देवापुढे ठेवलं, हळदकुंकू लावलं आणि नंतर हळदीचा डाग पुसायला पंधरा मिनिटं घालवली, कारण पोलिसानं विचारलं तर नंबर दिसायला हवा.

आखाजी आली. गावानं ठरवलं की गावच्या सुनेची पहिली खेप साधीसुधी पडू द्यायची नाही. संबळवाले बोलावले. देवळाला माळा बांधल्या. आणि आम्ही बायकांनी वाफ्याची जबाबदारी घेतली. आमच्या अंगणात पाहुणा यायचा असेल तर आम्ही काय करतो? सडा घालतो, रांगोळी काढतो. इथे तर सगळं गाव येणार, ऊन कडक, वाफ्याकडे जाणारी वाट धुळीनं भरलेली. डंपर आला की धुळीचा लोट देवीच्या नैवेद्यावर जाईल. म्हणून पहाटे शेतीची लाईट आल्याबरोबर कुसाबाईनं विहिरीवरची मोटार चालू केली आणि आम्ही नळी घेऊन वाट आणि वाफ्याची कड भिजवली. बादलीनं शिंपडणं वेगळं आणि नळीनं भिजवणं वेगळं, हे त्या उत्साहात कुणाच्या ध्यानात आलं नाही. नळी एका जागी ठेवून आम्ही गाणी म्हणत माळा ओवत बसलो. मग ऊन आलं, वरची माती वाळून पांढरी पडली, आणि आम्ही तिच्यावर रांगोळी घातली. मोठं कमळ. मधोमध. डंपरची मागची चाकं जिथं टेकणार, तिथंच.

छाया तलावावरून गाळ भरून आली. तिनं हिरवी साडी नेसली होती, पदर कमरेला घट्ट खोचलेला, पायात माझ्या मुलाचे बूट. मी आरतीचं ताट घेऊन उभी होते. माझ्या माहेरची माणसं आली होती. गाडी वळली, आरशात बघत मागे आली, मागे येतानाचा तो टीं-टीं आवाज झाला, आणि संबळ वाजायला लागला. मला वाटलं, आता माझे डोळे भरून येणार आणि मला काहीच दिसणार नाही.

गाडी रस्त्याच्या कडेवर थांबली. वाफ्यात आलीच नाही. छाया खाली उतरली.

"काय झालं वहिनी?" जीवन मोबाइल धरून शूटिंग करत होता. "पूजा झाली, येऊ द्या मागं."

"जागा बघते."

"जागा काय बघायची? वाफा कुठं पळून गेलाय का?"

लोक हसले. मागून कुणीतरी म्हणालं, "देवराम कधी उतरला नाय बघायला."

देवळाशेजारच्या कडुनिंबाखालून देवराम बोलला, "उतरायचो. तुम्ही तवा जेवायला बसलेले असायचे."

छाया रांगोळीच्या कडेकडेनं चालत गेली. डाव्या बाजूला तिनं बुटाची टाच दाबली. मग उजवीकडे जाऊन दाबली. मग परत डावीकडे. वाकून मातीचा थर बोटानं उकरला आणि सरळ उभी राहून म्हणाली, "मला पहार द्या."

देवळाच्या कामाची पहार भिंतीला टेकलेली होती. एकानं आणून दिली. छायानं उजवीकडे पहार उभी धरून वरून सोडली. खण्ण आवाज झाला आणि ती वीतभर रुतून कलंडली. मग डावीकडे सोडली. आवाजच झाला नाही. पहार अर्ध्यापर्यंत आत गेली आणि तशीच उभी राहिली, कुणी रोवल्यासारखी.

"इथं चाक बसणार," छाया म्हणाली. "माल ओला हाय. हौदा वर गेला की डावीकडं चिकटून राहणार. गाडी आडवी होईल. मी इथं हौदा उचलणार नाय."

संबळ थांबला. उन्हात उभं असलेलं सगळं गाव तिच्याकडे बघत होतं. सावळीरामबाबा देवीचे पुजारी, गावातले सगळ्यांत वयस्क. त्यांचा आवाज कापत होता, पण मोठा होता.

"पोरी, पहिल्याच दिवशी देवीला नाय म्हणतेस?"

"बाबा, देवीला नाय म्हणत नाय. जागेला म्हणते."

"आखाजीची खेप आजवर चुकली नाय."

"चुकणार नाय. पण इथं उचलणार नाय."

जीवनचा चेहरा उतरला होता. त्यानं तालुक्याच्या कचेरीतल्या माणसांना बोलावलं होतं, आणि ती माणसं आता आपापसात कुजबुजत होती. तो छायाजवळ गेला. "वर खडखडीत वाळलंय वहिनी, तुम्ही उगाच घाबरता. त्या ओझरच्या ड्रायव्हरला फोन लावू का? एका झटक्यात ओतून मोकळा होईल."

ओझरच्या ड्रायव्हरचं नाव निघालं. वर्षभराची मेहनत, ते पुस्तक, तो चिखल, ते नापास होणं, सगळं त्या एका फोनवर येऊन थांबलं होतं. मी ताट कुसाबाईकडे दिलं, छायाजवळ गेले आणि हळूच म्हणाले, "थोडासा उचल गं. थोडासाच. नावाला. मग थांब."

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. म्हणाली, "आत्याबाई, थोडासा उचलायला गाडी मागं घ्यावीच लागंल. चाक बसलं की मग माझ्या हातात काय राहतंय? पाहुणे चार हातावर उभे हायेत, पोरं फाळक्यामागं खेळतायत."

मग ती जीवनकडे वळली. "भाऊ, फोन लावा. गाडी गटाची हाय, तुम्ही म्हणाल त्याला द्या. पण तो येईपर्यंत ड्रायव्हर मी हाय."

आणि तिनं केबिनमधून चावी काढून मुठीत धरली.

जीवननं फोन हातात घेतला, पण लावला नाही. तो कडुनिंबाकडे बघून म्हणाला, "तात्या, तुम्ही सांगा. उचलायचा का नाय?"

देवरामनं काठीवर हनुवटी ठेवली होती. "मला कशाला विचारतो? आज मी ड्रायव्हर नाय."

"पण तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं ऊन वाढलंय, आन तुम्ही ड्रायव्हरला उभं करून ठेवलंय."

तेवढ्यात कुसाबाईचा आवाज आला. कुसाबाईला हळू बोलता येत नाही, तिचा जन्मच विहिरीच्या कठड्यावर झाला असावा. "अगं बया! अंबूबाय, पहाटं नळी कुठं ठेवली होती आपण? इथंच की! डाव्या अंगाला!"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीनं पदर तोंडाला लावला. दुसरी हसली. मग सगळ्याच हसल्या, आणि पुरुष विचारायला लागले, काय झालं, काय झालं. जीवननं पहारीला हात घातला आणि ती उपटायला गेला. निघेना. दोन्ही हातांनी ओढली तेव्हा ती पच्च करून बाहेर आली आणि तिच्या टोकाला ओला काळा गाळ होता. तो त्यानं बोटानं चाचपला. बराच वेळ चाचपला.

"सडा घातला होता का शेत भरलं होतं?" तो म्हणाला.

"तुझ्या शूटिंगला धूळ नको म्हणून," कुसाबाई म्हणाली.

सावळीरामबाबा मात्र हसले नाहीत. त्यांना गाडी पडेल हे पटलं होतं, पण खेप राहिली हे पटत नव्हतं. ते म्हणाले, "मग आता देवीचं काय?"

आता माझी पाळी होती असं मला वाटलं. माझ्या सुनेनं तिचं काम केलं होतं. मी म्हटलं, "बाबा, पहिला गाळ देवीच्या वाफ्यावर पडायला पाहिजे. कशातून पडायला पाहिजे, हे सांगितलंय का देवीनं? माझ्या सासूच्या वेळी गाढवं आणायची. आम्ही काय गाढवांपेक्षा कमी हाय का?"

"तू म्हणशील तर जास्तच," देवराम कडुनिंबाखालून म्हणाला, आणि हसला, आणि कमरेला हात लावून कळवळला.

मी छायाला विचारलं, "तू कुठं ओतशील ते सांग."

देवळासमोर बाजाराचं मैदान आहे. आठवड्याच्या बाजारानं तुडवून तुडवून दगडासारखं झालेलं. छायानं आधीच ते डोळ्यांनी हेरून ठेवलं होतं. तरी ती तिथं गेली, पहार सोडून बघितली, मान वर करून तारा बघितल्या. मग पोरांना हाकललं, पाहुण्यांना दोरीपलीकडे उभं केलं. तालुक्याच्या माणसांनाही. "साहेब, अजून मागं. अजून." ते मागे सरकले. माझी सून बोलते आणि तालुका मागे सरकतो, हे मी बघितलं आहे.

तिनं फाळक्याची कडी उघडली, गाडी मैदानात सरळ लावली आणि केबिनमध्ये चढली. इंजिनचा आवाज जाड झाला. हौदा वर जायला लागला, सावकाश, म्हातारा माणूस नमस्कारासाठी हात उचलतो तसा. अर्ध्यावर आल्यावर तिनं थांबवला. डावीकडे गाळ चिकटला होता, सगळ्यांना दिसत होता. तिनं घाई केली नाही. थोडा वेळ तसाच धरला, मग थोडा आणखी वर घेतला, आणि तो चिकटलेला गाळ हळूच सुटला आणि धप्पकन एका ढिगात येऊन पडला. गाडी जागची हलली नाही. एक चाक इकडचं तिकडे झालं नाही. हौदा खाली आला, कडी लागली, आणि मग कुठे ती गाडी पुढे घेऊन थांबली.

संबळवाल्यांना कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनी आपणहून वाजवायला सुरुवात केली.

आम्ही घमेली आणली. मी पहिलं घमेलं डोक्यावर घेतलं. वयामुळे मान थरथरते माझी, पण त्या दिवशी थरथरली नाही. कुसाबाई माझ्यामागे, तिच्यामागे बाकीच्या. मैदानापासून वाफ्यापर्यंत रांग लागली. सावळीरामबाबांनी माझ्या घमेल्यातला मूठभर गाळ घेतला, देवीला दाखवला आणि वाफ्यात टाकला. आमच्या कमळाच्या रांगोळीवर गाळ पडत गेला. एका बाईचा पाय डावीकडे पडला आणि घोट्यापर्यंत आत गेला. ती ओरडली, "छाया, बाई, तू बरोबर होतीस गं!" सगळ्यांनी ऐकलं. तालुक्याच्या एका साहेबानं शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि तोही एक घमेलं घेऊन रांगेत आला. जीवननं त्याचंही शूटिंग केलं.

खेप संपली तेव्हा दुपार चढली होती. छाया डंपरच्या सावलीत पाणी पीत होती. जीवन तिच्यासमोर येऊन उभा राहिला. त्याच्या पायजम्याला गुडघ्यापर्यंत चिखल होता.

"मी फोन लावला नाय," तो म्हणाला.

"मला दिसलं."

"दुसरी खेप माझ्याकडं टाका वहिनी. टोमॅटोचं रान मोकळं पडलंय."

"आधी माझ्याकडं!" कुसाबाई ओरडली. "मोटार माझी होती."

"मोटारीनंच घोळ केला!"

"म्हणून तर माझं आधी!"

आणि मग जे सुरू झालं ते सांगायला मला अजून मजा येते. जे लोक सकाळी तिला हसले होते, ते तिच्याभोवती गोळा होऊन आपापल्या रानाचं नाव पुकारत होते. माझ्या माहेरचे लोक तर परगावचे, तेही विचारत होते, आमच्या गावाला गाडी येईल का. छायानं तोंड पुसलं, चावी घेतली आणि केबिनमध्ये चढून बसली.

"रान कुणाचं का असंना," ती वरून म्हणाली. "आधी जमीन दाखवा. पाणी कधी दिलं ते खरं सांगा. मग मी येईन."

त्या दिवसापासून आमच्या गावात नवी पद्धत पडली आहे. गाळ हवा असेल तर आधी आपल्या रानात पहार सोडून बघायची, मगच छायाला निरोप द्यायचा. परवा मी भाजीला निघाले तर जीवन भर उन्हात रानात उभा होता, पहार उचलत होता आणि सोडत होता, उचलत होता आणि सोडत होता.

मी बांधावरून विचारलं, "काय रे, लागली का कडक जमीन?"

"काकू, मला तर वाटतंय कडक हाय," तो घाम पुसत म्हणाला. "पण छायावहिनीला पटंल का?"

मी म्हटलं, "ते तिलाच विचार. गाडी तिची हाय."